एकाच लॅपटॉपवर विंडोज ११, उबंटू आणि फेडोरा, तिन्ही टाकायचंय, सुरुवात कुठून करू?

नवी_वाट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे लॅपटॉप आहे, त्यात ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि १६ जीबी रॅम, विंडोज ११ आधीपासून आहे आणि ते काढता येणार नाही कारण ऑफिसचं एक सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालतं. मला प्रोग्रॅमिंगसाठी उबंटू हवंय आणि शिवाय फेडोरा पण नीट शिकायचंय (दोन्ही लिनक्सच), म्हणजे एका मशीनवर तीन सिस्टिम. व्हिडिओ बघितले बरेच पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो, एक म्हणतो विंडोज आधीच हवं, दुसरा म्हणतो आता कुठल्याही क्रमाने चालतं, तिसरा म्हणतो स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) बनवा, चौथा म्हणतो नको.

डिस्क मॅनेजमेंट उघडून बघितलं तर १०० एमबीचं एक ईएफआय पार्टिशन (म्हणजे डिस्कचा एक वेगळा भाग), मग सगळी जागा खाऊन बसलेली सी ड्राइव्ह, आणि शेवटी रिकव्हरीचं एक छोटं. डिस्क तिथे ५१२ नाही तर ४७६ जीबी दिसते, ते का ते माहितीये. सी वर ३०० जीबी मोकळी आहे पण श्रिंक, म्हणजे सी लहान करायला गेले तर फक्त ९० जीबी देतोय म्हणतो. हे असं का?

आणि खरं सांगायचं तर भीती वाटते. घरच्यांचे सगळे फोटो याच मशीनवर आहेत. एक बटन चुकीचं दाबलं गेलं तर काय, या विचारानेच पोटात गोळा येतो. जाणकारांनी कृपया क्रमाने सांगावं.

जुनी_हार्डडिस्क
ताई, सगळ्यात आधी फोटो. बाकी काहीही करायच्या आधी ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि कॉपी झाली एवढ्यावर थांबू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरला ती डिस्क लावून चार-पाच फोल्डर उघडून बघा. पार्टिशनचं काम चालू असताना वीज गेली किंवा बॅटरी संपली तर जे बिघडतं ते नंतर कुणालाच धड दुरुस्त करता येत नाही, म्हणून चार्जर लावूनच बसा.

मग दुसरी गोष्ट, एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप) आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते, ती कागदावर लिहून घ्या. हो, कागदावरच, कारण जेव्हा ती लागते तेव्हा हाच लॅपटॉप निळी स्क्रीन दाखवून की मागत बसलेला असतो. बूटमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) काही बदललं की कुलपाची चावी जपणाऱ्या टीपीएम चिपला वाटतं कुणीतरी ढवळाढवळ केली आणि मग ती चावी देत नाही, तेव्हा ही की टाकावी लागते.

तिसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटनाने काय करायचं ते निवडायचं पान आहे, त्यात ही खूण असते. विंडोज ८ पासून हे सुरू झालं. आपण शटडाउन करतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा भाग हायबरनेट करून डिस्कवर ठेवतं म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. त्यामुळे सी ड्राइव्ह अर्धवट उघड्या अवस्थेत राहते, आणि लिनक्सने त्यावर लिहिलं तर फाइली खराब व्हायची शक्यता असते. लिनक्स सहसा स्वतःच नकार देतं किंवा नुसतं वाचू देतं, पण आपण कशाला विषाची परीक्षा घ्या. गंमत म्हणजे रिस्टार्ट केलं की विंडोज पूर्ण बंद होऊन उठतं, शटडाउनला मात्र नाही, हे लोकांना उलटं वाटतं.

आता तुमचं ९० जीबीचं कोडं. श्रिंक करताना विंडोज सी च्या शेवटाकडून जागा सोडवत येतं आणि वाटेत न हलणारी फाइल आली की तिथेच घोडं अडतं. त्या फाइली म्हणजे हायबरनेशनची, पेजफाइल (विंडोजचं स्वॅप), सिस्टिम रिस्टोरचे पॉइंट आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमचं स्वतःचं एमएफटी, म्हणजे फाइलींची यादी. पहिल्या तीन तात्पुरत्या बंद करा (ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ला हायबरनेट ऑफ सांगितलं की ती मोठी फाइल जाते आणि फास्ट स्टार्टअप पण त्यासोबतच जातं), रिस्टार्ट करा, परत श्रिंक करून बघा, आकडा चांगलाच वाढलेला दिसेल. मग पेजफाइल परत चालू करायला विसरू नका. सी लहान करायचं काम विंडोजमधूनच करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरला ते सांगू नका. आणि ते शेवटचं रिकव्हरी पार्टिशन जिथे आहे तिथे राहू द्या, मोकळी जागा सी आणि त्याच्या मध्ये तयार होईल, त्याने काही अडत नाही.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन. तुमच्या तिन्ही सिस्टिमचा दरवाजा हा एकच आहे. आत फॅट३२ ही फाइल सिस्टिम आहे आणि त्यात ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्टचं फोल्डर आहे, उबंटू आलं की उबंटूचं बनेल, फेडोरा आलं की फेडोराचं. तिघं शेजारी शेजारी सुखाने राहतात, कुणी कुणाच्या फोल्डरला हात लावत नाही. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंग निवडलं की हेच जुनं पार्टिशन निवडायचं, माउंट पॉइंट म्हणून बूटच्या खालचं ईएफआय द्यायचं, आणि फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना ते दोनदा बघायचं. मी एकदा ती खूण तशीच राहू दिली होती. रात्री साडेबारा वाजले होते, नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो, आणि रिस्टार्ट केल्यावर विंडोजचं नाव बूट मेनूतून गायब. सी ड्राइव्ह जशीच्या तशी होती, सगळ्या फाइली आत होत्या, फक्त आत जायची वाट पुसली गेली होती. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून त्याच्या कमांड प्रॉम्प्टमधून डिस्कपार्टने त्या ईएफआय पार्टिशनला एक अक्षर दिलं आणि बीसीडीबूट ही कमांड सी मधल्या विंडोज फोल्डरचा पत्ता देऊन चालवली, तेव्हा ते फोल्डर परत तयार झालं आणि जिवात जीव आला. म्हणून सांगतो, विंडोजचा एक पेनड्राइव्ह आधीच बनवून ठेवा.

व्हर्च्युअल_मित्र
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक विचारतो, फेडोरा फक्त शिकायचंय ना? मग ते व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, विंडोजच्या आतच चालणारा खोटा कॉम्प्युटर) टाकून बघितलंत का? १६ जीबी रॅम आहे, त्यातली ४ ते ६ जीबी देऊन व्हर्च्युअलबॉक्समध्ये फेडोरा आरामात चालतं, बिघडलं तर स्नॅपशॉटवर परत यायचं, डिस्कला धक्का नाही. पार्टिशनिंगची तालीम सुद्धा तिथेच करता येते, एक खोटी ५० जीबीची डिस्क बनवायची आणि तिच्यावर दोन लिनक्स टाकून बघायचे, मनातली भीती निम्मी तिथेच जाते.

पण हेही कबूल करतो की व्हीएम म्हणजे खरं मशीन नव्हे. ग्राफिक्स कार्डची ताकद, बॅटरी किती टिकते, झाकण लावल्यावर स्लीपमधून नीट उठतं का, टचपॅड कसा वागतो, हे व्हीएममध्ये कळतच नाही. त्यासाठी लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालवून बघा, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेसची बटनं चालतायत का, हे इन्स्टॉल करायच्या आधीच तपासा. व्हेंटॉय वापरा, एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही आयएसओ (इन्स्टॉलरच्या डाउनलोड केलेल्या फाइली) नुसत्या कॉपी करून टाकायच्या आणि सुरू करताना यादीतून निवडायच्या, दर वेळी पेनड्राइव्ह नव्याने लिहायचा त्रास नाही. आयएसओचा चेकसम (फाइल पूर्ण आलीये का ते पडताळायचा आकडा) मात्र जुळवून घ्या, डाउनलोड अर्धवट झालं असेल तर इन्स्टॉल मध्येच कुठेतरी मरतं आणि आपण दोष भलतीकडे शोधत बसतो.

आणि लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे का ते बघा. असेल तर वेगळी एसएसडी हाच सगळ्यात सुखाचा उपाय, दोन्ही लिनक्स तिच्यावर आणि तिच्यावरच त्यांचं वेगळं ईएफआय पार्टिशन, विंडोजच्या डिस्ककडे बघायचं पण नाही.

टर्मिनलवाली
विंडोज आधी की नंतर याचं सांगते कारण हा नियम कुठून आला ते कळलं की गोंधळ संपतो. जुन्या बायोसच्या काळात डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर म्हणजे एमबीआर, त्यात ४४६ बाइट बूट कोडला, ६४ बाइट पार्टिशन टेबलला आणि शेवटचे २ बाइट सहीचे. टेबलमध्ये १६ बाइटच्या चारच नोंदी मावतात म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच, पाचवं हवं तर एक्स्टेंडेडची कसरत. ही व्यवस्था १९८३ मधल्या डॉस २.० पासूनची. त्या ४४६ बाइटांची जागा एकच, त्यामुळे जो शेवटी येईल तो आधीच्याचा बूट कोड पुसून स्वतःचा लिहिणार. विंडोज लिहिताना दुसऱ्या कुणाला विचारत नाही, ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम), मात्र विंडोजला आपल्या मेनूत घेतो, म्हणून विंडोज आधी आणि लिनक्स नंतर असं ठरून गेलं.

आता यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) आणि जीपीटीत (एमबीआरच्या जागी आलेलं नवं पार्टिशन टेबल) तसं नाही. जीपीटीत साधारण १२८ पार्टिशनची जागा असते, टेबलची एक प्रत डिस्कच्या शेवटी पण असते, आणि प्रत्येक सिस्टिमचा बूटलोडर स्वतःच्या फोल्डरमध्ये. मदरबोर्डच्या मेमरीत बूटच्या नोंदींची यादी आणि क्रम ठेवलेला असतो, कुणी नंतर आलं तर फार तर तो क्रम बदलेल, नोंदी आणि फाइली तशाच राहतात. म्हणजे क्रम चुकला तरी आभाळ कोसळत नाही. तुमच्याकडे विंडोज आहेच, तेव्हा प्रश्नच मिटला.

आता दोन लिनक्स एकत्र नांदवायचं. यावर कुणी फारसं लिहीत नाही आणि खरी गडबड इथेच होते. पेनड्राइव्हवरून उबंटू टाकलंत, मग फेडोरा टाकलंत, की दोघांचा आपापला ग्रब असतो आणि बूटच्या क्रमात फेडोराचा पहिला येतो. त्याच्या मेनूत उबंटूची नोंद असेल पण ती त्या दिवशी जशी सापडली तशी, पुढे उबंटूचा कर्नल अपडेट झाला तरी फेडोराच्या मेनूला ते आपोआप कळत नाही, तुम्ही परत ग्रबची कॉन्फिग बनवेपर्यंत जुनाच कर्नल सुरू होत राहतो. मला हे कळायला दोन महिने लागले होते, अपडेट करूनही कर्नलचा नंबर तोच का म्हणून डोकं खाजवत होते. म्हणून मी एका ग्रबवर तिघांचा भार टाकत नाही, सुरू करताना एफ१२ किंवा एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी असेल ती की दाबून फर्मवेअरचा स्वतःचा मेनू आणायचा आणि तिथून निवडायचं, प्रत्येक लिनक्स आपल्याच ग्रबने उठतो आणि आपला नवा कर्नल त्याला बरोबर माहीत असतो.

ग्रबच्या मेनूत विंडोज दिसलंच नाही तर घाबरू नका. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलाय. ईटीसी मधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रब नावाची फाइल आहे, त्यात ग्रब डिसेबल ओएस प्रोबर ही ओळ फॉल्स करायची आणि उबंटूवर अपडेट-ग्रब चालवायचं.

स्वॅपचं वेगळं पार्टिशन करू नका. उबंटू स्वॅपफाइल वापरतं, फेडोरा ३३ पासून झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप), दोघांनाही वेगळ्या पार्टिशनची गरज नाही. मी पूर्वी तीन लिनक्सना मिळून एक स्वॅप ठेवलं होतं, तिसऱ्याच्या इन्स्टॉलरने ते फॉरमॅट केलं, त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलला, आणि पहिल्या दोघांना सुरू व्हायला रोज दीड मिनिट जास्त लागायला लागलं. काळ्या स्क्रीनवर एक लाल तारा इकडून तिकडे फिरतोय आणि १ मिनिट ३० सेकंदांचं घड्याळ चाललंय, नसलेल्या पार्टिशनची वाट बघत. एफएसटॅबमधली (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी) एक ओळ बदलल्यावर सगळं सुरळीत.

होम (आपल्या फाइली आणि सेटिंग ठेवायचं फोल्डर) पण दोघांत शेअर करू नका. दोन्हीकडे गनोम हाच डेस्कटॉप असला तरी आवृत्त्या वेगळ्या, एकाने लिहिलेली सेटिंग दुसऱ्याला कळत नाही. त्यापेक्षा फोटो, कागदपत्रं यांच्यासाठी एक वेगळं एनटीएफएसचं डेटा पार्टिशन करा, तिघांनाही वाचता-लिहिता येतं. कोड मात्र त्यावर ठेवू नका, लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) तिथे नीट चालत नाहीत आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) उगाच सगळ्याच फाइली बदलल्या म्हणून दाखवत बसतं.

आणखी एक, उद्या तिसरं लिनक्स म्हणून मिंट टाकायची हुक्की आली तर लक्षात ठेवा की ते ईएफआय मध्ये उबंटूच्याच नावाचं फोल्डर वापरतं, म्हणजे दोघं एकाच खोलीत. कुबंटूचंही तेच. पॉप ओएस सारखी काही तर कर्नलच ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवतात, तिथे तुमचे १०० एमबी पुरणार नाहीत. उबंटू आणि फेडोरा या जोडीला पुरतात.

नवी_वाट
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. तीन दिवसांची प्रगती सांगते. फोटो बाहेरच्या डिस्कवर घेतले, भावाच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितले. एन्क्रिप्शन चालू होतं!! मला खरंच माहीत नव्हतं. की लिहून घेतली. हायबरनेशन आणि पेजफाइल बंद करून श्रिंक केलं तर ९० चे २७० जीबी झाले.

पण आता उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाहीये. यादीत फक्त माझा पेनड्राइव्ह. एसएसडी गेली की काय म्हणून घाईने विंडोज सुरू केलं तर ते मजेत चालू आहे. हे काय प्रकरण आहे?

जुनी_हार्डडिस्क
एसएसडीला काही झालेलं नाही. बायोसमध्ये स्टोरेजचा मोड इंटेल रॅपिड स्टोरेज किंवा रेड किंवा व्हीएमडी असा असणार, त्यात एनव्हीएमई डिस्क कंट्रोलरच्या मागे लपते आणि इन्स्टॉलरला दिसत नाही. ते एएचसीआय (साधा मोड, ज्यात डिस्क थेट दिसते) करायचं, पण थेट बदललंत तर विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन देईल, कारण त्याला जुन्याच ड्रायव्हरची सवय आहे. म्हणून आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूटची खूण करा, रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि एएचसीआयचा ड्रायव्हर आपला आपण लोड करेल. मग ती सेफ बूटची खूण काढा आणि परत रिस्टार्ट.

हे करण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा, नाहीतर ४८ आकडे टाइप करत बसावं लागेल. आणि अकाउंटचा पासवर्ड पाठ असू द्या, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

नवी_वाट
झालं!!! तिन्ही चालू आहेत. हे टाइप करतेय ते फेडोरावरून. सेफ मोडची काळी स्क्रीन आली तेव्हा श्वास रोखून बसले होते, पण नंतर उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्क दिसली. ईएफआयच्या फॉरमॅटची खूण दोनदा नाही, चारदा बघितली. विंडोजला २०५, उबंटूला ८०, फेडोराला ६० आणि उरलेलं १३० च्या आसपास डेटासाठी एनटीएफएस.

एकच विचित्र गोष्ट, लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ काही तास चुकीचं दाखवतं. दुरुस्त केलं की मग लिनक्समध्ये चुकतं. बॅटरी गेलीये का बोर्डावरची?

टर्मिनलवाली
अभिनंदन! नाही, बॅटरी ठणठणीत आहे. बोर्डावरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) म्हणून, त्यामुळे तुमची वेळ यूटीसीपासून जितकी लांब तितक्या तासांचा फरक पडतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं पण तुमच्याकडे दोन लिनक्स आहेत, दोन्हीकडे करावं लागेल, त्यापेक्षा एकट्या विंडोजला यूटीसी शिकवा. रजिस्ट्रीत सिस्टिमखाली करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइमझोन इन्फर्मेशन इथे रिअल टाइम इज युनिव्हर्सल नावाची डीवर्ड बनवा (मधे स्पेस न देता), किंमत १. रिस्टार्ट करा, एकदा वेळ सिंक करा, झालं.

शांत_वाचक
चांगला धागा, जपून ठेवतोय. एक शंका, उद्या यातलं फेडोरा नको झालं तर? मी एकदा विंडोजमधूनच लिनक्सची पार्टिशनं डिलीट केली आणि ग्रब रेस्क्यू असं लिहिलेली काळी स्क्रीन आली होती, पुढे काहीच सुचेना.

टर्मिनलवाली
कारण ग्रबचा छोटा भाग ईएफआय पार्टिशनमध्ये राहिला आणि त्याला लागणाऱ्या बाकीच्या फाइली ज्या पार्टिशनमध्ये होत्या ते तुम्ही उडवलंत. उलट क्रमाने जायचं. आधी फर्मवेअरच्या बूट क्रमात उबंटू किंवा विंडोज पहिलं करा आणि त्यातून मशीन नीट उठतंय याची खात्री करा. मग उबंटूत जाऊन ईएफआयबूटमॅनेजर (कमांड efibootmgr) चालवा, तो सगळ्या नोंदी चार-चार आकड्यांसकट दाखवतो, त्यातली फेडोराची नोंद काढा. मग ईएफआय पार्टिशनमधलं फक्त फेडोरा नावाचं फोल्डर उडवा, शेजारच्या बूट नावाच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी फेडोराची पार्टिशनं. ती साधारण दोन असतात, एक छोटं बूटचं आणि एक मोठं बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचं, साइझ आणि फाइल सिस्टिम बघून खात्री करूनच डिलीट दाबा. शेवटी उबंटूत अपडेट-ग्रब, म्हणजे मेनूतली फेडोराची जुनी ओळ पण जाईल.

नवी_वाट
फेडोरा कुठेही जात नाहीये :) पण हे पण लिहून ठेवलं, त्या ४८ आकड्यांच्याच कागदावर, मागच्या बाजूला. घड्याळ पण जमलं, आत्ता तिन्हीकडे एकच वेळ दाखवतंय.